गोलासमोरचा माणूस आणि नंतरची चाळीस वर्षे

१५ ऑगस्ट २०२१ हा रविवार होता. सोसायटीतले झेंडावंदन सकाळी मास्क लावून, एकमेकांपासून अंतर राखून पार पडले होते, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी फोनवर बातमी दिसली की जर्मन फुटबॉलपटू गेर्ड म्युलर गेले. वय ७५. म्युनिकजवळच्या व्होल्फ्राट्सहाउझेन या गावातल्या शुश्रूषागृहात ते काही वर्षांपासून होते, आणि अल्झायमरने त्यांना कितीतरी आधीच सगळ्यांपासून दूर नेले होते. बातमी अनपेक्षित नव्हती, तरीही मी पहिल्यांदा कोल्हापूरला मामींना फोन लावला, कारण ही बातमी ज्यांना सांगायची ते माझे थोरले मामा दोन वर्षांपूर्वीच गेले होते.

मामांच्या खोलीतल्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेले असे. कुठल्याशा क्रीडा मासिकातून कापलेले, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि त्यात एक बुटका, भरलेल्या मांड्यांचा, दाट काळ्या केसांचा खेळाडू दोन्ही हात वर करून उडी मारतो आहे. मामा पेठेच्या संघाकडून फॉरवर्ड खेळलेले. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा मामला आहे, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकाने लवकर बंद होतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मामांच्या कपाटात एका जर्मन माणसाचे चित्र कसे आले हे समजावून सांगावे लागणार नाही. मामांनी म्युलरचा एकही सामना थेट पाहिलेला नव्हता. त्यांनी तो वाचलेला होता.

म्युलरचे विक्रम कुठेही सापडतील. मला लिहायचे आहे ते मुख्यतः त्याच्या नंतरच्या आयुष्याबद्दल, कारण खेळाडूचे चरित्र आपण शेवटच्या शिटीला मिटवून टाकतो आणि माणूस मात्र त्यानंतर तीसचाळीस वर्षे जगत असतो. पण नंतरचे कळायचे असेल तर आधीचे सांगावेच लागेल.

बव्हेरियात नोर्डलिंगन नावाचे एक जुने गाव आहे. दीडेक कोटी वर्षांपूर्वी तिथे उल्का कोसळली आणि त्या आघाताने झालेल्या प्रचंड खळग्यात हे गाव वसले. भोवती अजूनही गोलाकार तटबंदी उभी आहे आणि तिच्यावरून चालत गावाला प्रदक्षिणा घालता येते. म्युलर तिथे ३ नोव्हेंबर १९४५ रोजी जन्मला, म्हणजे युद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते. घर गरिबीचे, पाच भावंडांत हा धाकटा, वडील लवकर गेले. शाळा सोडून त्याने विणकराच्या कामाची उमेदवारी केली. आमच्याकडे इचलकरंजीत मागावर काम करून संध्याकाळी मैदानावर येणारी मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे हा तपशील वाचला की मला नोर्डलिंगन फार लांबचे वाटत नाही.

१९६४ मध्ये बायर्न म्युनिक या क्लबने त्याला ४,४०० मार्क मोजून घेतले. आज बायर्न हे नाव ऐकून जे वैभव डोळ्यांसमोर येते ते तेव्हा नव्हते. १९६३ मध्ये बुंडेसलीगा ही जर्मनीची सर्वोच्च लीग सुरू झाली तेव्हा म्युनिकमधून ‘१८६० म्युनिक’ हा दुसरा संघ निवडला गेला होता आणि बायर्न खालच्या वर्गात खेळत होता. म्युलरवर त्या दुसऱ्या संघाचाही डोळा होता, पण बायर्नचा माणूस त्याच्या घरी तासभर आधी पोहोचला, असे सांगतात. सुरुवातीला पोटासाठी तो फर्निचरच्या दुकानात अर्धवेळ कामही करी. प्रशिक्षक झ्लात्को चायकोव्हस्कींना हा जाडसर पोरगा पसंत पडला नव्हता. फुटबॉल संघात वजन उचलणाऱ्या पैलवानाचे काय काम, असा त्यांचा सूर होता. त्यांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याला ‘छोटा जाडा म्युलर’ असे नाव ठेवले आणि ते जन्मभर चिकटले, अर्थात पुढे त्यात लाडच उरला. वर्षभरात बायर्न वरच्या वर्गात आला. गोलरक्षक सेप मायर, मध्ये फ्रान्झ बेकेनबाउर आणि पुढे म्युलर, असे ते जमलेले त्रिकूट.

पुढचे आकडे मी एका दमात सांगून टाकतो. बुंडेसलीगात ४२७ सामन्यांत ३६५ गोल, आणि सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान सात वेळा. देशासाठी ६२ सामन्यांत ६८ गोल. १९७०च्या विश्वचषकात दहा गोल, १९७४ मध्ये चार, आणि हा चौदाचा विक्रम मोडायला ब्राझीलच्या रोनाल्डोला २००६ पर्यंत थांबावे लागले. १९७० मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब. १९७२ मध्ये युरोपचे राष्ट्रीय विजेतेपद, अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध तीनपैकी दोन गोल याचे. १९७१-७२ च्या एका हंगामात ३४ सामन्यांत ४० गोल. १९७२ या एका वर्षात सगळे मिळून ८५ गोल, जो आकडा मेस्सीने २०१२ मध्ये मागे टाकला आणि मग आदराने आपली सही केलेली जर्सी म्युलरला पाठवली. १९७४, ७५ आणि ७६ अशी लागोपाठ तीन वर्षे युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा चषक, बायर्नकडे आला. बेकेनबाउर अनेकदा सांगत की म्युलरचे गोल नसते तर आमचा क्लब अजूनही सेबेनर श्ट्रासे या रस्त्यावरच्या त्या जुन्या लाकडी खोपटातच राहिला असता. एका महान खेळाडूने स्वतःकडे श्रेय न घेता दुसऱ्याला दिलेली ही पावती मला सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

आता तो एक गोल, ज्यासाठी मामा मला चार-चार वेळा व्हिडिओ मागे न्यायला लावत.

७ जुलै १९७४, म्युनिकचे ऑलिंपिक स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध हॉलंड. जर्मन खेळाडूचा चेंडूला पाय लागण्याआधीच उली होनेसने क्रायफला पाडले होते आणि दुसऱ्याच मिनिटाला नेस्केन्सने पेनल्टीवर हॉलंडला पुढे नेले होते. २५व्या मिनिटाला ब्राइटनरने पेनल्टीवरच बरोबरी केली. ४३वे मिनिट. रायनर बोनहोफ उजव्या कडेने धावत गेला आणि गोलरेषेपाशी पोहोचून त्याने चेंडू मागे, आत ढकलला. म्युलर त्या वेळी वेगाने गोलाकडे धावत होता. साध्या भाषेत सांगायचे तर पास चुकला होता, कारण चेंडू त्याच्या पुढे यायला हवा होता आणि तो थोडा मागे आला. त्याने पाय लावला तर चेंडू आणखी मागे सरकला. इथे दुसऱ्या कुणाचाही तोल गेला असता किंवा त्याने निदान एकदा मान वळवून चेंडू कुठे आहे ते पाहिले असते. म्युलर आपल्याच धावेच्या उलट दिशेला एक पाऊल मागे आला, बसकणीत बसल्यासारखा कमरेत झुकून वळला आणि वळता वळताच उजव्या पायाने चेंडू जमिनीलगत मारला. फटक्यात जोर असा नव्हता. चेंडू आडव्या आलेल्या क्रोलला चुकवून लांबच्या कोपऱ्यात गेला, आणि गोलरक्षक योंगब्लुट जागचा हललाही नाही. २-१. तोच सामन्याचा निकाल.

मी हा गोल मामांना पहिल्यांदा कॉम्प्युटरवर दाखवला तेव्हा ते साठीच्या पुढे होते. इतकी वर्षे फक्त वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चेंडू मागं ऱ्हायला म्हणून तर गोल झाला की रं. म्होरं आला असता तर क्रोलनं काढला असता.” मी नंतर या गोलाबद्दल पुष्कळ वाचले, पण याहून नेमके काही वाचल्याचे मला आठवत नाही. सगळा बचाव चेंडू जिथे जायला हवा होता तिकडे निघाला होता, आणि चेंडू जिथे खरोखर होता तिथे एकटा म्युलर होता.

हे तो कसे करतो, असे त्याला आयुष्यभर विचारले गेले आणि त्याला ते कधीच नीट सांगता आले नाही. आतून काहीतरी सांगते की इकडे जा, आणि मी जातो, एवढेच तो म्हणे. आणि विचार करायला लागलात तर वेळ निघून गेलेली असते, असेही म्हणे. याला मी विनय समजत नाही. मला वाटते तो अक्षरशः खरे बोलत होता. तबलजीचा हात जसा मात्रा मोजत नाही तसे त्याचे शरीर मैदानात मोजत नव्हते. पुढच्या आयुष्यात हीच गोष्ट त्याच्या आड आली असावी, असे मला त्याच्याबद्दल वाचताना सतत जाणवत राहते.

त्या अंतिम सामन्याच्या रात्रीच त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली. वय अवघे २८. विजयाच्या मेजवानीला खेळाडूंच्या पत्नींना प्रवेश नाकारला गेला आणि पदाधिकाऱ्यांच्या पत्नी मात्र आत बसल्या, यावरून तिथे मोठी नाराजी झाली, आणि म्युलरच्या निवृत्तीशी ही हकीकत कायम जोडली जाते. घराला वेळ द्यायचा हे त्याच्या मनात आधीपासूनच होते. जगातल्या सर्वात मोठ्या सामन्यात विजयी गोल मारून त्याच रात्री थांबणारा खेळाडू किती समाधानी असेल, असे मला लहानपणी वाटे. आता मला त्या निर्णयात थकवाही दिसतो.

क्लबसाठी तो पुढे साडेचार वर्षे खेळला. फेब्रुवारी १९७९ मध्ये फ्रँकफर्टमधल्या एका सामन्यात प्रशिक्षक पाल चेर्नाई यांनी त्याला खेळ चांगला होत नाही म्हणून मध्येच बाहेर बोलावले. पंधरा वर्षांत असे त्याच्या बाबतीत घडले नव्हते. प्रशिक्षकाचा निर्णय त्या दिवसापुरता बरोबरही असेल, पण ज्या माणसाला शब्दांत भांडता येत नाही तो निघून जातो, आणि म्युलर निघून गेला. निरोपाचा थाटमाट झाला नाही. काही आठवड्यांत तो अमेरिकेत फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्स या संघात दाखल झाला होता.

तिथे त्याने गोल केलेच. १९८० मध्ये हा संघ तिथल्या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि न्यूयॉर्क कॉसमॉसकडून हरला, ज्यांच्याकडे तेव्हा बेकेनबाउर होते. त्यानंतर खेळणे थांबले आणि म्युलरने फोर्ट लॉडरडेलमध्येच भागीत एक रेस्टॉरंट चालवायला घेतले.

मला या रेस्टॉरंटचा विचार अनेकदा अस्वस्थ करतो. आपल्याकडेही निवृत्त खेळाडूला दुसरे काय करता येईल तर हॉटेल, क्रीडासाहित्याचे दुकान किंवा पेट्रोलपंप, असे उत्तर तयार असते, जणू नाव असले की गिऱ्हाईक येते आणि गिऱ्हाईक आले की आयुष्य चालते. पण रेस्टॉरंटमध्ये येणारा प्रत्येक जर्मन प्रवासी त्याच्याकडे ७४च्या गोलाची गोष्ट मागणार, त्याच्याबरोबर एक पेला घेण्याचा आग्रह करणार, आणि जन्मजात अबोल माणूस नाही म्हणायचे कसे हे न कळून तो पेला घेणार. रोज. ज्याला वीस वर्षे कुणीतरी सांगत आले की सराव नऊ वाजता, बस अकराला, सामना साडेतीनला, त्याच्या हातात एकदम सगळा दिवस मोकळा पडला. १९८४ च्या सुमारास तो जर्मनीला परतला. तेव्हाही त्याच्या दिवसांना कसला आकार नव्हता, मैत्रीपूर्ण सामने आणि समारंभ यांत वेळ जाई, आणि दारू वाढत गेली. पुढची सहासात वर्षे घसरणीचीच होती आणि त्यांचे तपशील मला इथे मांडायचे नाहीत. ते पुरेसे छापून आलेले आहेत, आणि अशा बातम्या छापण्यात वर्तमानपत्रांना जी चव असते ती मला नको आहे.

१९९१ मध्ये उली होनेस मधे पडला. हा तोच होनेस, ज्याने ७४च्या अंतिम सामन्यात ती पहिली पेनल्टी ओढवून घेतली होती आणि जो म्युलर क्लब सोडून अमेरिकेला गेला त्याच वर्षी, १९७९ मध्ये, क्लबचा व्यवस्थापक झाला होता. त्याने आणि बेकेनबाउरने म्युलरला समोर बसवून सांगितले की तुला उपचार घ्यावे लागतील. म्युलर व्यसनमुक्ती केंद्रात गेला. होनेस आणि जुने सवंगडी त्याला भेटायला जात राहिले. त्याने दारू सोडली ती सोडलीच.

इथवरची गोष्ट मित्रांच्या चांगुलपणाची आहे, आणि तेवढीच असती तर मी हा लेख लिहिला नसता. पुढे क्लबने जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. त्याला पेन्शन देऊन, वर्षातून दोनदा शाल-श्रीफळासाठी बोलावून मोकळे होता आले असते. त्यांनी त्याला नोकरी दिली. तरुण खेळाडूंना शिकवायचे, आघाडीवाल्यांचा आणि गोलरक्षकांचा सराव घ्यायचा, आणि पुढे क्लबच्या दुसऱ्या संघाचा सहायक प्रशिक्षक म्हणून मुख्य प्रशिक्षक हर्मन गेर्लांड यांच्या हाताखाली काम करायचे. मुख्य प्रशिक्षक नव्हे, सहायक. ज्याच्या पायावर क्लब उभा राहिला तो माणूस क्लबचा ट्रॅकसूट घालून सकाळी सेबेनर श्ट्रासेवर हजर होई, सरावाला उभा राही आणि मुलांबरोबर गोलावर फटके मारी. ही नोकरी त्याने वीस वर्षांहून अधिक केली, म्हणजे खेळाडू म्हणून तो जितका काळ बायर्नमध्ये होता त्याहूनही अधिक. म्हणूनच म्युलरच्या दोन कारकिर्दी झाल्या असे मी मानतो, आणि दुसरी पहिलीपेक्षा लांब होती.

फिलिप लाम, बास्टियान श्वाइनश्टायगर, थोमास म्युलर ही पुढे २०१४चा विश्वचषक जिंकणारी मुले याच दुसऱ्या संघातून वर आली. त्यांतला थोमास नावापुरताच म्युलर, नाते काही नाही. पण २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याच्या पाठीवर १३ हा आकडा होता, जो गेर्डच्या पाठीवर १९७० आणि १९७४ मध्ये होता, आणि पाच गोल करून त्याने त्या स्पर्धेतला सर्वाधिक गोलांचा किताब मिळवला. त्याचा खेळ पाहताना माझ्या मनात नेहमी हाच विचार येई की दिसायला यात कसलेच सौंदर्य नाही, आणि चेंडू पडतो तिथे हा आधीच कसा उभा असतो? जे शब्दांत सांगता येत नव्हते ते शेजारी उभे राहून दिले गेले असावे. आमच्या तालमींत वस्ताद असेच शिकवतात.

२००८ मध्ये नोर्डलिंगनच्या मैदानाला त्यांचे नाव दिले गेले.

इथे लिहिता लिहिता मी ‘तो’वरून ‘ते’वर आलो आहे हे माझ्या लक्षात आले, आणि मी ते तसेच ठेवतो. गोलासमोरच्या म्युलरला मराठी माणूस ‘तो’च म्हणणार, पण पुढच्या म्युलरांबद्दल लिहिताना माझ्या हातून ‘ते’च येते.

जुलै २०११ मध्ये दुसऱ्या संघाचे सराव शिबिर इटलीत ट्रेंटोला होते. म्युलर हॉटेलमधून बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. शोधाशोध झाली, पोलिसांना कळवले गेले, आणि बऱ्याच तासांनी ते शहरात एकटेच फिरताना सापडले. त्या वेळी ही बातमी मी पाहिली होती आणि काहीशी गमतीची समजून विसरलोही होतो.

पुढच्याच वर्षी आमचे मामा दूध आणायला म्हणून गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. संध्याकाळी पेठेतल्या पोरांना ते सापडले, ते शाहू स्टेडियमच्या बंद दरवाजापाशी, हातात रिकामी पिशवी घेऊन. मॅच कितीला आहे, असे ते तिथल्या पानपट्टीवाल्याला विचारत होते. जून महिना होता, हंगाम संपलेला होता. त्या रात्री मला ट्रेंटोची बातमी आठवली आणि ती गमतीची का नव्हती ते कळले. विस्मरणाचा आजार घरात आला की पहिली काही वर्षे आपण त्याला दुसरीच नावे देतो. वय झाले, लक्ष नसते, हट्टी झालेत. म्युलरांच्या भोवतीच्या लोकांनीही अशीच काही वर्षे काढली असणार, आणि तरीही त्यांना सरावाला येऊ दिले, हा मला त्या क्लबमधल्या माणसांचा शहाणपणा वाटतो. ओळखीचे मैदान, ठरलेली वेळ, पायाशी चेंडू. मामांच्या बाबतीत आमचा अनुभव असा की शुक्रवार की शनिवार हे विसरले तरी अंगणात चेंडू सरकवला की तो पायाच्या आतल्या बाजूने थांबवून, मान वर करून, समोरच्याला बरोबर पायात देणे शेवटच्या वर्षापर्यंत शाबूत होते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये बायर्नने जाहीर केले की म्युलर दीर्घकाळ अल्झायमरने आजारी आहेत आणि त्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून त्यांची देखभाल तज्ज्ञांकडे आहे. त्यांच्या पत्नी उशी रोज त्यांच्याजवळ जात. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांची पंचाहत्तरी झाली तेव्हा उशींनी सांगितले होते की ते जवळजवळ दिवसभर अंथरुणावर असतात, जागेपणाचे क्षण थोडेच असतात, आणि ते शांत आहेत. ५३ वर्षांच्या संसारानंतर एखादी स्त्री इतक्या सरळपणे हे बोलते, ते वाचताना मला मामी दिसत होत्या, भात कालवून, अगदी मऊ करून, चमच्याने भरवणाऱ्या.

डोक्याने चेंडू मारण्याचा आणि या आजाराचा संबंध आता गांभीर्याने तपासला जात आहे. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत सुमारे साडेतीनपट आढळले. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग ऑगस्ट २०२१ मध्ये आला, तेव्हा असे दिसले की गोलरक्षकांत हा धोका जवळपास इतरांइतकाच आहे आणि बचावपटूंत सर्वाधिक. म्युलरांच्या आजाराचे कारण हेच, असे मी म्हणणार नाही. त्यांचे बहुतेक गोल पायाचे होते आणि अल्झायमर कधीही चेंडूला न शिवलेल्या लाखो लोकांनाही होतो. पण इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२० पासून लहान मुलांच्या सरावात, अकरा वर्षांखालील गटांत, हेडिंग बंद केले गेले आहे, आणि आमच्याकडे सुट्टीच्या शिबिरांत आठ वर्षांच्या पोरांना रांगेत उभे करून डोक्यावर चेंडू टाकणाऱ्या प्रशिक्षकांनी हे वाचायला हवे, असे मला मनापासून वाटते.

२०२३ मध्ये म्युनिकच्या नव्या स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला. पण मला त्यांची आठवण येते ती २०२१ च्या मे महिन्यातल्या दोन शनिवारांमुळे. बायर्नचा आघाडीवाला रॉबर्ट लेवांडोव्स्की त्या हंगामात गोलांमागून गोल करत निघाला होता. १५ मे रोजी फ्रायबुर्गमध्ये त्याने चाळिसावा गोल केला, म्युलरांच्या ४९ वर्षे जुन्या विक्रमाशी बरोबरी झाली, आणि त्याने जर्सी वर करून आतला शर्ट दाखवला. त्यावर म्युलरांचा चेहरा होता आणि ‘गेर्ड कायमचा’ अशा अर्थाची ओळ होती. सहकारी दोन रांगा करून त्याला टाळ्यांनी मानवंदना देत होते. घरच्या मैदानावर, आउग्सबुर्गविरुद्ध, २२ मे रोजी हंगामाचा शेवटचा सामना होता. लॉकडाउनमुळे मीही घरीच होतो आणि तो सामना पाहत होतो. लेवांडोव्स्कीला गोल मिळेना. संघ सहज जिंकत होता, पण तो एक गोल काही होईना. नव्वदावे मिनिट आले. लेरॉय सानेने लांबून फटका मारला, गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटून पुढे आला, आणि लेवांडोव्स्की तिथे होता. त्याने गोलरक्षकाला वळसा घालून चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलला. ना जोराचा फटका, ना डोळे दिपवणारी करामत. दुसऱ्याच्या पायातून सुटलेला चेंडू आणि त्याच्या वाटेवर आधीच उभा असलेला माणूस.

मी टीव्हीसमोर एकटाच होतो, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघाले, “मामा, ह्यो तर म्युलरचाच गोल.”